फर्मान, कायदा आणि आकाशवाणी
(तंबाखूविरोधी लोकशिक्षणाचा एक दुर्लक्षित अध्याय)



तंबाखूचे दुष्परिणाम हा विषय आपल्या शाळांतून निबंधाला, भाषणाला आणि भित्तिपत्रकाला अनेकदा दिला जातो. मुले तो पाठ करतात, गुण मिळवतात आणि शाळेच्या फाटकाबाहेर पडल्यावर पानठेल्यावरची खर्रा घोटण्याची टकटक त्यांच्या कानी पडते. पाठ केलेला निबंध आणि कानी पडणारी टकटक यांत कोणाचा प्रभाव अधिक, हे राळेगावच्या कोणत्याही पालकास सांगावयास नको. तेव्हा प्रश्न असा की, तंबाखू वाईट आहे हे ठाऊक असणे आणि ती हातात न घेणे यांमधील अंतर आजवर कोणी, कोणत्या मार्गाने कमी करून पाहिले? बादशहांनी फर्मानाने पाहिले, सरकारांनी कायद्याने पाहिले, डॉक्टरांनी तपासणीने पाहिले. आणि एका काळी आपल्या देशाने ते रेडिओच्या आवाजाने करून पाहिले. हा शेवटचा प्रयोग फारसा कोणाच्या स्मरणात नाही. प्रस्तुत लेखात त्याची हकिकत, तिच्या मागची-पुढची पार्श्वभूमी आणि आपल्या गावाने तिच्यापासून घ्यावयाचा बोध, यांचा विचार करावयाचा आहे.

दरबारातील धूर

तंबाखू ही मूळची आपल्या भूमीतली नव्हे. अमेरिका खंडातून पोर्तुगीजांनी ती आपल्या किनाऱ्यावर आणली आणि दक्षिणेतील दरबारांत ती लवकरच रुजली. उत्तरेत ती कशी पोहोचली याची हकिकत मोठी मनोरंजक आहे. अकबर बादशहाचा सरदार असद बेग हा विजापूरला आदिलशाही दरबारी कामगिरीवर गेला होता. परतताना, १६०४–०५ च्या सुमारास, त्याने तेथून तंबाखू आणि रत्नजडित चिलीम आणून बादशहास नजर केली. बादशहाने कुतूहलाने दोन-चार झुरके घेतले. शाही हकीमाने मात्र हरकत घेतली. ज्या वस्तूविषयी आपल्या वैद्यकाच्या ग्रंथांत काही लिहिलेले नाही, ती पारखल्याशिवाय बादशहांनी कशी घ्यावी, असा त्याचा मुद्दा होता. त्यावर असद बेगाने उत्तर दिले की, प्रत्येक रिवाज केव्हा तरी नवाच असतो. बादशहाने पुन्हा त्या वस्तूस हात लावला नाही. परंतु असद बेगाने उरलेली तंबाखू अमीर-उमरावांत वाटली होती. त्यांनी आणखी मागितली. मग व्यापारी सरसावले आणि काही वर्षांतच हुक्का घरोघर गेला.

या प्रसंगात पुढच्या चार शतकांचा इतिहास थोडक्यात आलेला आहे. हकीमाची शंका शास्त्रशुद्ध होती, तरी फॅशनपुढे ती टिकली नाही. बड्या माणसांनी एखादी गोष्ट केली की इतरांना ती प्रतिष्ठेची वाटते, हे तेव्हाही खरे होते.

पुढे १६१७ मध्ये जहांगीर बादशहाने तंबाखूमुळे प्रकृतीत बिघाड होतो म्हणून ती ओढण्यास मनाई केली. इराणात शाह अब्बासनेही तसाच हुकूम काढला होता. मौज अशी की, जहांगीराचा इराणातील वकील खान आलम यास तंबाखूवाचून क्षणभरही करमत नसे. ही अडचण शाहच्या कानावर घालण्यात आली आणि शाहने त्याच्यापुरती सूट दिली! ही हकिकत खुद्द जहांगीराने आपल्या आत्मचरित्रात नमूद केली आहे. तुर्कस्तानात सुलतान मुराद चौथा याने १६३३ मध्ये तर देहदंडाची शिक्षा लावली. तरी तेथेही तंबाखू संपली नाही. तलवारीच्या बळावर राज्ये जिंकणारे हे बादशहा लोकांच्या तोंडातील धूर मात्र थांबवू शकले नाहीत. कारण हुकूम देणाऱ्याने लोकांना कारण समजावून सांगितले नव्हते, आणि समजावून सांगण्यासारखे ज्ञानही तोवर जगाजवळ नव्हते.

रोगाची ओळख पटली

ते ज्ञान विसाव्या शतकात आले. १९५० मध्ये इंग्लंडात रिचर्ड डॉल व ब्रॅडफर्ड हिल यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचे रुग्ण आणि धूम्रपान यांचा संबंध आकडेवारीने दाखवून दिला. १९६४ च्या जानेवारीत अमेरिकेच्या सर्जन जनरलचा सुप्रसिद्ध अहवाल निघाला आणि वादाला जागा उरली नाही.

आपल्याकडचा प्रश्न थोडा निराळा होता. येथे तंबाखू ओढण्यापेक्षा चघळली जास्त जाते. म्हणून आपला कर्करोग फुप्फुसाआधी तोंडात दिसतो. मुंबईत १९४१ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तेथील थोर विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी या रोगाच्या भारतीय रूपाकडे लक्ष वेधले. १९५५ मध्ये संघवी, राव व खानोलकर यांनी तंबाखू ओढणे व चघळणे आणि तोंड-घशाचा कर्करोग यांच्या संबंधावरील आपला अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केला. पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता यांच्या चमूने गावोगाव जाऊन घरटी तपासणी केली. आपल्या महाराष्ट्रातच १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासण्यात आली व त्याचा वृत्तांत १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. एवढ्या लोकांच्या तोंडात डोकावून पाहणाऱ्या त्या दंतवैद्यांचे कष्ट आपण क्षणभर डोळ्यांसमोर आणावेत.

याच चमूने पुढे एक महत्त्वाचा प्रश्न विचारला : समजावून सांगितल्याने लोक तंबाखू सोडतात काय? त्यासाठी केरळातील एर्नाकुलम, गुजरातेतील भावनगर आणि आंध्रातील श्रीकाकुलम या जिल्ह्यांतील ३६,४७१ तंबाखूसेवकांची निवड झाली. पाच वर्षे दरवर्षी त्यांची तपासणी झाली आणि समक्ष भेटीतून व प्रसारमाध्यमांतून त्यांना सातत्याने समजावण्यात आले. १९८६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. एर्नाकुलमला शेकडा ९.४ लोकांनी तंबाखू सोडली. असा प्रचार न झालेल्या आधीच्या गटात हे प्रमाण ३.२ होते. भावनगरला हेच आकडे ४.३ व १.२ होते. म्हणजे शिक्षणाने फरक पडतो, सोडणाऱ्यांची संख्या तिपटीच्या घरात जाते, हे सिद्ध झाले. अडचण एकच होती. प्रत्येक गावी, प्रत्येक घरी डॉक्टर कसा पाठवावा?

घराघरांत जाणारा आवाज

डॉक्टर पोहोचत नव्हता तेथे एक वस्तू मात्र पोहोचली होती. ती म्हणजे रेडिओ.

१६ जुलै १९४८ रोजी आकाशवाणीचे नागपूर केंद्र सुरू झाले आणि विदर्भाच्या खेड्यापाड्यांतून आपल्या बोलीशी जवळीक असलेला आवाज ऐकू येऊ लागला. तो काळ आजच्या विद्यार्थ्यांना नवलाचा वाटेल. रेडिओ बाळगायला पोस्टातून परवाना काढावा लागे. ज्याच्या घरी रेडिओ असे त्याच्या ओसरीवर शेजारीपाजारी जमत. कित्येक ग्रामपंचायतींत सार्वजनिक रेडिओ ठेवलेला असे. पुढे ट्रान्झिस्टर आला आणि रेडिओ शेताच्या धुऱ्यापर्यंत गेला. ऐकण्यासाठी अक्षरओळख लागत नाही, हे त्याचे मोठे बळ होते.

पण नुसते ऐकल्याने माणूस बदलतो काय? या प्रश्नाचे पहिले पद्धतशीर उत्तर आपल्या महाराष्ट्रानेच जगाला दिले. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साह्याने पुणे आकाशवाणी केंद्राने आसपासच्या पाच जिल्ह्यांतील १५० खेड्यांत 'रेडिओ ग्रामीण श्रोतृमंडळां'चा प्रयोग केला. प्रत्येक गावी पंधरा-वीस माणसांचे मंडळ. आठवड्यातून दोन सायंकाळी अर्ध्या तासाचा कार्यक्रम. एकूण वीस कार्यक्रम. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करून मंडळींनी त्यावर चर्चा करावयाची, अडलेले प्रश्न लिहून केंद्राकडे पाठवावयाचे आणि केंद्राने त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून द्यावयाची, अशी योजना होती. टाटा समाजविज्ञान संस्थेने तिचे मूल्यमापन केले. त्यासाठी मंडळे असलेली गावे, नुसता रेडिओ असलेली गावे आणि रेडिओ नसलेली गावे यांची तुलना करण्यात आली. कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर लोकांना तेच प्रश्न विचारण्यात आले. मंडळे असलेल्या गावांत माहितीची वाढ ठळकपणे अधिक दिसली. जगदीशचंद्र माथुर व पॉल न्यूराथ यांनी १९५९ मध्ये या प्रयोगावर लिहिलेला ग्रंथ जगभर वाचला गेला आणि त्याच वर्षी अशी मंडळे देशभर काढण्याचे ठरले.

येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांनी मनावर कोरून ठेवावी. रेडिओ असलेले गाव आणि रेडिओवर चर्चा करणारे गाव यांत फरक पडला. आवाज दोन्हीकडे एकच होता. ऐकल्यावर चार माणसे समोरासमोर बसली, एकाने शंका काढली, दुसऱ्याने अनुभव सांगितला, आणि ऐकलेली गोष्ट गावाची झाली.

जाहिरात कोणाची, इशारा कोणाचा

१ नोव्हेंबर १९६७ पासून विविध भारतीच्या मुंबई, पुणे व नागपूर केंद्रांवर जाहिराती सुरू झाल्या. साबण, दंतमंजन, बाम यांची गाणी पोरांच्या तोंडी बसली. परंतु आकाशवाणीच्या जाहिरात-संहितेने सिगारेट, तंबाखू व मद्य यांना दार बंद ठेवले. हा संयम कौतुकास्पद होय.

अमेरिकेचा अनुभव याच्या उलट होता आणि तो अभ्यासण्यासारखा आहे. तेथे रेडिओ-दूरचित्रवाणीवर सिगारेटच्या जाहिरातींचा पूर लोटला होता. जॉन बॅन्झाफ नावाच्या तरुण वकिलाने तक्रार केली की, वादग्रस्त विषयाच्या दोन्ही बाजू श्रोत्यांना ऐकवणे प्रक्षेपकांवर बंधनकारक आहे. १९६७ मध्ये त्याचे म्हणणे मान्य झाले आणि सिगारेटच्या जाहिरातींबरोबर तिच्या धोक्याचे संदेशही फुकट प्रसारित करणे केंद्रांना भाग पडले. पुढील तीन वर्षांत अमेरिकेत दरडोई सिगारेटचा खप घटला. २ जानेवारी १९७१ पासून जाहिरातींवरच बंदी आली, तेव्हा त्यांना उत्तर देणारे संदेशही बहुतांशी थांबले, आणि खप पुन्हा थोडा वाढला. जाहिरात बंद होणे आवश्यक होतेच. पण इशारा देणारा आवाजही मुका झाला, ही त्यातली उणीव.

आपल्याकडे जाहिरात नव्हती, पण इशाराही नव्हता. १९७५ च्या सिगारेट अधिनियमाने पाकिटावर वैधानिक इशारा आला, तो बहुधा इंग्रजीत असे आणि फक्त सिगारेटपुरता असे. बिडी, जर्दा, नस, गुडाखू यांवर काहीच नव्हते. म्हणजे जो वाचू शकत नव्हता आणि जो स्वस्त तंबाखू खात होता, त्याला सावध करणारे कोणी नव्हते. दरम्यान जाहिरातदारांनी आडवाट शोधली. खेळाच्या स्पर्धांना सिगारेटचे नाव दिले जाऊ लागले. १९९६ ची क्रिकेटची विश्वचषक स्पर्धा 'विल्स'च्या नावाने झाली. सामन्याचे समालोचन ऐकणाऱ्या मुलाच्या कानावर ते नाव ओघानेच पडे. त्याच वर्षी गोव्यातील डॉ. शरद वैद्य व त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अशा प्रायोजित क्रिकेटचा शाळकरी मुलांच्या मनावर परिणाम होतो आणि तंबाखू चाखून पाहण्याकडे त्यांचा कल वाढतो, हे त्यांनी दाखवून दिले. असद बेगाच्या रत्नजडित चिलमीची जागा आता क्रिकेटच्या चेंडूने घेतली होती, एवढेच.

'रेडिओ-डेट' : तीस भागांची मालिका

या पार्श्वभूमीवर १९९०–९१ च्या काळात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि आकाशवाणी यांनी मिळून एक मालिका प्रसारित केली. तिचे नाव 'रेडिओ-डेट'. मादक द्रव्ये, दारू आणि तंबाखू यांविषयीचे शिक्षण, अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून हे नाव घेतलेले होते. दर आठवड्याला वीस मिनिटांचा एक भाग, असे एकूण तीस भाग. सोळा भाषा आणि आकाशवाणीची ८४ केंद्रे. व्यसनाच्या उंबरठ्यावर असलेल्या वयाची मुले-मुली डोळ्यांसमोर ठेवून शास्त्रीय माहिती रंजक रूपात देण्याचा हा प्रयत्न होता. एवढ्या भाषांत, एवढ्या केंद्रांवरून व्यसनमुक्तीचा असा धारावाहिक कार्यक्रम हे त्या काळी मोठेच धाडस होते.

परिषदेने कार्यक्रम करून हात झटकले नाहीत, तर कर्नाटकात आणि आपल्या शेजारच्या गोव्यात पाहणी करून त्याचे फळ मोजले. ऐकणाऱ्या तंबाखूसेवकांपैकी कर्नाटकात शेकडा सुमारे चार आणि गोव्यात सुमारे सहा जणांनी आपण तंबाखू सोडल्याचे सांगितले.

वाचकांपैकी कोणी म्हणेल, शंभरातून चार-सहा म्हणजे कितीसे? या शंकेचा नीट विचार केला पाहिजे. सोडल्याचे सांगणे आणि कायमची सोडणे यांत अंतर असते, हे मान्य. पण वर दिलेले एर्नाकुलमचे आकडे पुन्हा पाहावेत. तेथे पाच वर्षे दरवर्षी डॉक्टर दारी येत होता, तेव्हा शंभरात नऊ जणांनी तंबाखू सोडली. येथे दारी कोणीच आले नव्हते. वीस मिनिटांचा एक आवाज आठवड्यातून एकदा आला आणि गेला. शिवाय रेडिओचा श्रोता शंभरात मोजावयाचा नसतो. लाखांनी ऐकले तर चार टक्के म्हणजे हजारो घरे होतात. आणि ज्या मुलाने ऐकून मुळात सुरुवातच केली नाही, त्याची गणना तर अशा पाहणीत होतच नाही.

तरीही मालिकेला एक मर्यादा होती. तीस भाग संपले आणि आवाज थांबला. पुण्याच्या प्रयोगात रेडिओभोवती मंडळ बसत होते; या वेळी श्रोता बहुधा एकटा होता. एकट्याने केलेला निश्चय पानठेल्यावरच्या मित्रांपुढे कितीसा टिकणार? याउलट १९९६–९७ मध्ये आकाशवाणीने 'तिनका तिनका सुख' नावाची हिंदी मालिका प्रसारित केली, तेव्हा उत्तर प्रदेशातील लुत्सान या खेड्यात लोकांनी ती एकत्र ऐकली, तिच्यावर चर्चा केली आणि हुंडा देणार-घेणार नाही अशा प्रतिज्ञेखाली सह्या-अंगठे करून ते पत्र आकाशवाणीकडे पाठवले. विषय वेगळा असला तरी बोध तोच आहे : एकत्र ऐकणाऱ्यांचा निश्चय अधिक बळकट असतो.

बंदी आली, खर्रा राहिला

नव्या शतकात कायद्याने पुन्हा जोर धरला. २००३ मध्ये केंद्राचा सिगारेट व अन्य तंबाखू उत्पादने अधिनियम झाला. तंबाखूची जाहिरात बंद झाली, अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकणे गुन्हा ठरला, शिक्षणसंस्थेच्या शंभर यार्डांच्या आत तिच्या विक्रीस मनाई झाली. २०१५ च्या बालन्याय अधिनियमाप्रमाणे तर मुलाच्या हाती तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. महाराष्ट्राने २००२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती टिकली नाही. पुढे २०१२ मध्ये अन्नसुरक्षेच्या कायद्याखाली ती पुन्हा आली.

या उपायांचे काहीच फळ नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. पंधरा वर्षांवरील लोकांत तंबाखू सेवन करणाऱ्यांचे प्रमाण महाराष्ट्रात २००९–१० मध्ये शेकडा ३१.४ होते, ते २०१६–१७ मध्ये २६.६ वर आले. पण या २६.६ पैकी फार मोठा भाग धूर न काढता तंबाखू खाणारा आहे. आणि आमच्या विदर्भात गुटख्याची पुडी लपली तरी खर्रा उघड्यावर राहिला. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटला की खर्रा तयार. त्याला कारखाना नाही, पाकीट नाही, म्हणून इशारा छापायला जागाही नाही. मुराद सुलतानालाही न जमलेले काम एकट्या अन्न-निरीक्षकाने करावे, अशी अपेक्षा कशी करावी?

वर्धा नदीच्या पलीकडे सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी ग्रामीण वर्धा भागातील ३८५ किशोरवयीन मुला-मुलींची पाहणी करून २००८ मध्ये प्रसिद्ध केली. मागील महिनाभरात कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेणारे त्यांत शेकडा ३९.२ निघाले. मुलांत हे प्रमाण ६८.३ आणि मुलींत १२.४ होते. मुलांचा मुख्य पदार्थ खर्रा. मुलींचा दात घासण्याची तंबाखू. राळेगाव तालुक्याची सीमा त्याच नदीला लागलेली आहे. बाजार तोच, माती तीच, ठेले तसेच. म्हणून हे आकडे दुसऱ्यांच्या मुलांचे समजून वाचणे धोक्याचे ठरेल. आपल्या मुली घरात असतात म्हणून सुरक्षित आहेत, हा समजही काढून टाकावा. दंतमंजनाच्या डबीतून व्यसन घरातच येते.

खर्ऱ्याची पहिली खूण फार साधी असते. तिखट लागू लागते आणि हळूहळू तोंड उघडेनासे होते. निरोगी माणसाच्या तोंडात उभी तीन बोटे सहज जातात. दोनच जाऊ लागली तर डॉक्टर गाठावा. डॉक्टर या रोगास 'सबम्यूकस फायब्रोसिस' म्हणतात. त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो, आणि एकदा आखडलेले तोंड सहसा पूर्ववत होत नाही. यात मुख्य दोष सुपारीचा आहे. 'मी बिना तंबाखूचा घेतो' म्हणणाऱ्यानेही हे ध्यानात ठेवावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच सुपारीला कर्करोगकारक ठरवले आहे.

आपण काय करावे

आता रेडिओची सद्दी पूर्वीसारखी राहिली नाही, हे उघड आहे. परंतु यवतमाळला आकाशवाणीचे एफ. एम. केंद्र झाले, सातारा जिल्ह्यात म्हसवडसारख्या गावी 'माणदेशी तरंग' हे लोकांचे स्वतःचे रेडिओ केंद्र २००८ मध्ये निघाले, आणि मुलांच्या हातातील मोबाईल हाही एक रेडिओच आहे. साधन बदलले, कान तेच आहेत. इतिहासातून निघणारे तीन धडे आपल्या शाळेने एका वर्षापुरते तरी वापरून पाहावेत.

पहिला धडा पुण्याच्या प्रयोगाचा : ऐकणे आणि बोलणे जोडीने व्हावे. शाळेत पंधरा-वीस विद्यार्थ्यांची श्रोतृमंडळे करावीत. आठवड्यातून एकदा दहा-वीस मिनिटांचा कार्यक्रम ध्वनिक्षेपकावर ऐकवावा आणि मग ध्वनिक्षेपक बंद करून अर्धा तास चर्चा व्हावी. नाव न घालता प्रश्न टाकण्यासाठी एक पेटी ठेवावी. 'मोठा भाऊ आणायला पाठवतो, तेव्हा काय करू?' हा प्रश्न वर्गात उभे राहून कोणी विचारणार नाही, पेटीत मात्र पडेल. त्याचे उत्तर पुढील आठवड्याच्या कार्यक्रमात द्यावे.

दुसरा धडा 'रेडिओ-डेट'चा : सातत्य राखावे आणि फळ मोजावे. ३१ मे या जागतिक तंबाखूविरोधी दिनाला उन्हाळ्याची सुटी असते. एका दिवसाच्या फेरीने भागत नाही. तीस आठवडे, तीस भाग, असा संकल्प करावा. प्रारंभी आणि अखेरीस मुलांना तेच पाच-सहा प्रश्न विचारून उत्तरे मोजावीत. गणिताच्या शिक्षकांनी हे काम विद्यार्थ्यांकडूनच करून घ्यावे. कार्यक्रमाचे लेखन मुलांनीच करावे, आणि ते आपल्या वऱ्हाडी बोलीत करावे, उर्दूत करावे, ज्या भाषेत घरी बोलणे होते तीत करावे. खर्रा घोटणाऱ्याचा संवाद पुस्तकी मराठीत लिहिला तर मुले हसतील आणि ऐकणार नाहीत. चांगले भाग यवतमाळ केंद्राकडे पाठवावेत, म्हणजे लिहिणाऱ्यास उमेद येईल.

तिसरा धडा पालकांसाठी आहे आणि तो असद बेगाच्या गोष्टीतला आहे : लहान मोठ्यांचे पाहून शिकतात. मुलाला ठेल्यावर पाठवून पुडी मागवणे आजपासून बंद करावे. दुकानदाराने मुलास ती विकणे हा तर गुन्हाच आहे. ज्या पालकास सवय आहे त्याने निराश होऊ नये. रमजानच्या महिन्यात पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत हाच माणूस तंबाखूवाचून राहतो, आपले कामही करतो. म्हणजे दिवसाचे तेरा-चौदा तास ती सोडण्याची ताकद त्याच्यात आहे, हे दरवर्षी तोच सिद्ध करतो. प्रश्न इफ्तारनंतरच्या तासांचा उरतो. त्या तासांत तोंडात बडीशेप ठेवावी, ठेल्याकडचा रस्ता टाळावा, घरच्यांना आपला निश्चय सांगून ठेवावा. अधिक साह्य हवे असल्यास १८०० ११२ ३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

आपल्या वडीलधाऱ्यांनी कापसाच्या एका-एका बोंडाचा पैसा साठवून मुलांना शाळेत घातले. तालीम म्हणजे केवळ परीक्षेचे गुण असे त्यांना कधीच वाटले नाही. शिकलेला मुलगा विसाव्या वर्षी तोंड उघडता येत नाही म्हणून भाकरीचा घास पाण्यात भिजवून खाणार असेल, तर त्या शिक्षणाचा हिशेब कोणी द्यावा? पुढील शैक्षणिक वर्षारंभी आपल्या शाळेत पहिले श्रोतृमंडळ बसावे, पेटीत पहिला प्रश्न पडावा आणि पुढील वर्षीच्या स्मरणिकेत त्याचे आकडे विद्यार्थ्यांनीच लिहावेत, एवढी नम्र विनंती करून हा लेख पुरा करतो.